पन्नास नव्हे, दोनशे पावलं

भाभी, डॉक्टरसाहेब, जमलेल्या मित्रांनो,

या जामखेडात माइक हातात आला की मी तो तासभर सोडत नाही. आज मात्र थोडंच बोलेन. शब्बीरभाई शिंपी गेले. आणि आयुष्यात मी सर्वांत जास्त कुणावर जळलो असेन, तर शब्बीरभाईंवर!

आमच्या दोघांच्याही पायांच्या रक्तवाहिन्या बंद पडल्या. दोघांनाही विडीचा प्रसाद. टाचेला जखम, पाय कापायची भीती. नगरच्या दवाखान्यात नव्या उपचाराची चाचणी सुरू होती. काहींच्या पोटरीत पेशींचं इंजेक्शन, काहींच्या नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय दिलं, ते ना रुग्णाला ठाऊक, ना तपासणाऱ्याला.

पण मला कळलं! डॉक्टर शब्बीरभाईंशी हसून बोलले. त्यांचा पाय हाताला गरम लागला. म्हणजे पेशी त्यांना, पाणी मला! मित्राच्या जखमेवर खपली धरत होती, आणि मी जळत होतो.

तपासणीत विचारलं, किती चाललं की पाय दुखतो? दोनशे पावलं चालणारा मी म्हणालो, पन्नास. का? माझे हाल दिसले, तर मलाही खरं औषध देतील म्हणून.

बाहेर बाकावर शब्बीरभाईंना हे सांगितलं. ते हसले. "गुरुजी, जन्मभर पोरं नापास केली, आता सोतालाच केलं व्हय?" मग हळूच म्हणाले, "मी बी खोटंच बोललो. चौकापर्यंत जातो म्हनलो. डॉक्टर एवढा जीव लावत्यात, त्यांचं मन कसं मोडायचं?"

एकानं मत्सरानं कमी सांगितलं, एकानं मायेनं जास्त. आणि अशा उत्तरांवर उद्या परक्या माणसाचा पाय ठरणार!

शब्बीरभाई उठले. आत जाऊन खरं सांगून आले. "चला, तुमी पन." मी बसून राहिलो.

पुढे चाचणी संपली आणि कुणाला काय दिलं, ते लिहिलेले बंद लिफाफे उघडले. दोघांनाही मिठाचं पाणीच मिळालं होतं! मित्रांनो, मी मिठाच्या पाण्यावर जळलो!

तरी जळणं थांबलं नाही. आता मी जळतो ते त्यांच्या त्या उठण्यावर. मला का उठता आलं नाही? गेल्या आठवड्यापर्यंत, शिलाईच्या मशीनवरून मान वर न करता, ते विचारायचे, "गुरुजी, गेल्ते का?" परवा त्यांचं हृदय थांबलं. आता कोण विचारणार?

डॉक्टरसाहेब, तुमचा अहवाल अजून छापायचा आहे. लिहून घ्या. पन्नास नव्हे, दोनशे.

शब्बीरभाई, गेल्तो बघा.

आता दोन मिनिटं उभे राहू या. मीही काठी ठेवून उभा राहतो. पाय दुखला तर दुखला म्हणेन. नाही दुखला, तर नाही म्हणेन.