ध्येय शंभर टक्के पूर्ण

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या फुग्यांच्या कारखान्याचे मालक आदरणीय चिमणशेठ, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलोय ते आपले सुपरवायझर मुकेशभाई, ‘माझी पुंजी’ या मोबाईल अ‍ॅपच्या कंपनीतून खास मुंबईहून आलेल्या वर्षा मॅडम, साच्यांवरच्या, भट्टीवरच्या आणि पॅकिंगच्या माझ्या सगळ्या मावश्या, काकू, वहिन्या, त्यांना गाडीवरून सोडायला आलेले आणि जेवण आहे असं कळल्यावर थांबलेले त्यांचे नवरे, आणि खुर्च्या रिकाम्या असूनही सतरंजीवर बसलेली माझी आई भिकी, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी रूपी लडक्या वरठा. बारावी सायन्स. गेलं वर्षभर पॅकिंगला आहे. मला चार शब्द बोलायला सांगितलंय. खरं तर चार नाहीत, एकोणसत्तर आहेत. मॅडमनी कागदावर मोजून दिलेत.

पण आधी मुकेशभाईंबद्दल थोडं माझ्या पदरचं बोलते. चालेल ना मॅडम? मुकेशभाई बावीस वर्षं आपल्याकडे होते. भोंग्याच्या आधी गेटवर कोण, तर मुकेशभाई. कुठल्या बाईचं पोर आजारी आहे, कुणाचा नवरा कधी पितो, कोण दिवसातून किती वेळा बाथरूमला जातं, हे त्या बायकांपेक्षा मुकेशभाईंना जास्त पाठ. हसू नका हो, रेकॉर्डिंग चालू आहे. असा माणूस आज आपल्याला सोडून ‘माझी पुंजी’चा जिल्हा प्रमुख होतोय. आपल्याला अभिमान वाटायला नको का? वाटतोय ना? मग टाळ्या वाजवा की.

बरं, आता कागद. “अ‍ॅप येण्यापूर्वी आम्हा कामगार महिलांना बचतीची सवय नव्हती. पैसा आला की तो खर्च...”

गेली वाटतं लाईट.

माईकपण गेला. ऐकू येतंय का मागे? येतंय. काय म्हणालात शेठ? चालू ठेवू? लोक उठतील, बरोबर आहे. मिथुनभाऊ, तुमचा कॅमेरा? अंधारात चेहरा काळा येतो? माझा उजेडातपण काळाच येतो, त्याचं टेन्शन घेऊ नका. म्हणजे बंद आहे ना? तो लाल दिवा विझलाय ना? बरं. जनरेटरला डिझेल आणायला माणूस गेलाय, तोपर्यंत लोकांना बसवून ठेवायचं काम माझं. बसा. गोष्ट सांगते.

आत्ता मी वाचलं की आम्हाला बचतीची सवय नव्हती. हिराबाई, ऐकलंस का गं? तुला नव्हती म्हणे.

मॅडम, तुम्ही नवीन आहात म्हणून सांगते. ही खांबाजवळ बसलीये ती हिराबाई. तिला लिहिता-वाचता येत नाही. साच्यांवरच्या चौदा बायका दर शनिवारी पगारातले थोडे पैसे हिच्याकडे ठेवायच्या. आता कुणाचे कुठले हे कसं लक्षात ठेवणार? तर प्रत्येकीचा एक फुगा. रिजेक्ट मालातला. माझ्या आईचा पिवळा. त्यात नोटेची सुरळी करून घालायची, गाठ मारायची, सगळे फुगे पत्र्याच्या डब्यात. पाणी लागायचं नाही, वाळवी लागायची नाही. महिन्याला प्रत्येकी दहा रुपये हिराबाईला, चहा-तंबाखूला. एकदा माझा बाप हिच्या दारात गेला. “भिकीचं किती जमलं गं?” ही म्हणाली, “भिकीचा फुगा? तो तर कवाच फुटला.” आणि दार लावून घेतलं. हे तुमच्या भाषेत काय असतं मॅडम, प्रायव्हसी?

मग नोटबंदी झाली. हिराबाईच्या डब्यात सगळ्या पाचशेच्या. चौदाजणी रडकुंडीला आल्या. तेव्हा मुकेशभाई धावून आले, हे मान्य करायलाच पाहिजे. “अरे बेन, रडायचं शाना माटे, कशाला? मी आहे ने.” प्रत्येकीला खातं काढून दिलं, जुन्या नोटा भरून दिल्या, वर हे अ‍ॅप. शनिवारी पगारातून चारशे रुपये आपोआप कापले जाणार. प्रत्येकीने आपलं ध्येय सांगायचं. आईने सांगितलं, “पोरीला नर्स करायची.” तिचे नऊ हजार पिवळ्या फुग्यातले. फी अठरा हजार. म्हणजे पहिल्याच दिवशी ध्येय पन्नास टक्के! मुकेशभाईंनी सगळ्यांना पेढा दिला. मी पण खाल्ला. चांगला होता.

आता अ‍ॅपला मोबाईल नंबर लागतो. चौदापैकी अकराजणींकडे मोबाईल नव्हता. घरात एकच, तोही नवऱ्याच्या नाहीतर भावाच्या खिशात. हिराबाई म्हणाली, “भाई, नंबर राहू दे जरा. बायांना विचारून घाल.” पण कंपनीची मुदत होती. शनिवारपर्यंत जो कारखाना सगळी खाती काढेल त्याच्या सुपरवायझरला बक्षीस. मग मुकेशभाईंनी काय केलं? हजेरीचं मस्टर काढलं. मस्टरमध्ये आपण कामाला लागताना एक रकाना भरून घेतात, माहितीये ना? भट्टीवर भाजलं, साच्यात हात गेला, तर कळवायचं कोणाला. त्यात प्रत्येकीने नवऱ्याचा नंबर दिलेला. मुकेशभाईंनी एका दुपारात सगळे नंबर तिथून उतरवले. कुणाला विचारायची गरजच पडली नाही. किती हुशारी! ते बक्षीस म्हणजेच त्यांच्या हातातलं घड्याळ. दाखवा ना भाई. अंधारातपण चमकतं.

तर दर शनिवारी मेसेज जाऊ लागला. “अभिनंदन भिकी! तुमचं ध्येय बावन्न टक्के पूर्ण.” हा मेसेज कुठे वाजला? लडक्याच्या खिशात.

बाबा, ते बाहेर गाडीला टेकून उभे राहू नका, आत या. तुमचंच चाललंय.

माझा बाप चौथी शिकलेला. मेसेज त्याने कासा नाक्यावर जीपवाल्याकडून वाचून घेतला. आता तुम्हाला वाटेल, घरी येऊन त्याने आईला बडवलं असेल. नाही. माझा बाप हुशार आहे. तो काहीच बोलला नाही. एक शब्द नाही. पाच महिने. उलट शनिवारी सुके बोंबील आणायचा. आईला म्हणायचा, “दमलीस तू, बस, पाणी मी आणतो.” पिणं कमी केलं. एका शनिवारी आईला ताप होता तर स्वतः गाडीभाडं देऊन कारखान्यात पाठवली, खाडा पडू नये म्हणून. आई मला म्हणाली, “रूपे, तुझा बाप सुधारला गं.” माझ्या आईच्या अख्ख्या संसारातले ते सगळ्यात चांगले पाच महिने. हे अ‍ॅपमुळेच झालं. मॅडम, तुमच्या कागदात हा मुद्दा राहिलाय.

जूनमध्ये ध्येय पूर्ण झालं. मेसेज आला, “या नंबरच्या खात्यात पैसे घेण्यासाठी येथे दाबा.” त्याने दाबलं.

आम्हाला कुठे माहिती? माझी बारावी झाली, नर्सिंगला नंबर लागला, आम्ही दोघी धुतलेल्या साड्या नेसून मुकेशभाईंच्या केबिनमध्ये. त्यांनी कारखान्याचा टॅब उघडला, आईचं नाव दाबलं. स्क्रीनवर रंगीत फुगे उडाले. आईला अक्षर कळत नाही, पण फुगे कळतात. ती हसली. मला कोपराने ढोसून म्हणाली, “बघ.” मी बघत होते. फुग्यांच्या खाली लिहिलं होतं, “ध्येय शंभर टक्के पूर्ण.” त्याच्या खाली, “शिल्लक शून्य.” ते तिला वाचून मलाच दाखवायला लागलं. बारावीपर्यंत शिकल्याचा पहिला उपयोग.

मुकेशभाई काय म्हणाले ते मला जसंच्या तसं आठवतं. “बेन, चोराने काढले असते तर मी कंपनीशी भांडलो असतो. हे तर घरच्या माणसाने काढले. सिस्टीमने बरोबर काम केलं.” बाप म्हणाला, “घरचं पैसं घरातच तर आहेत.” खरंच आहेत. चारोटीहून घेतलेली सेकंडहँड गाडी. आज त्याच गाडीवर बसून मी या हॉलमध्ये आलेय. मागचं सीट मऊ आहे.

आणि आईने काय केलं? शनिवारी परत चारशे कापू दिले, तेही त्याच नंबरवर; ते पेट्रोलला गेले. आई, मान खाली घालू नकोस. मी तुला तेव्हाच सांगितलं होतं ना, ओरड? केबिनच्या बाहेर तेरा बायका उभ्या होत्या. तू पदर सावरत म्हणालीस, “साहेबांपुढं कशाला?” मला बापाचा राग येत नाही गं. तो तर चोरच. मला तुझ्या त्या पदर सावरण्याचा राग येतो.

ए, कोण म्हणालं, “पोरगी लई बोलते”? देवजीकाका ना? बोला ना मोठ्याने. तुमच्या बायकोचं ध्येय पत्र्याचं छप्पर होतं. तेही शंभर टक्के पूर्ण आहे. घरात आकाश दिसतं अजून, पण तुमच्या भावाच्या लग्नात डीजे दोन दिवस वाजला. अकरापैकी नऊजणींची ध्येयं अशी पूर्ण झाली. कंपनीच्या रिपोर्टात आपला कारखाना जिल्ह्यात पहिला. आणि मुकेशभाई जिल्हा प्रमुख. मग अभिमान नको वाटायला?

आता शेवटचं सांगते, डिझेलवाला येईलच. मॅडमना फिल्म काढायचीये. ही फिल्म तलासरीच्या कारखान्यांत दाखवणार, तिथल्या बायकांना. त्यासाठी एक अशी मुलगी पाहिजे जिची आई मजूर आणि जी स्वतः बचतीवर नर्स होतेय. नऊ पूर्ण ध्येयांत अशी एकही सापडेना. तेव्हा मुकेशभाईंनी उपाय काढला. शेठ माझी फी भरणार, या वर्षीची, वीस हजार. मी कॅमेऱ्यासमोर म्हणणार की ती आईने अ‍ॅपवर साठवली. या वर्षी परत माझा नंबर लागलाय. सोमवार शेवटचा दिवस. आज शनिवार.

काल हिराबाई मला म्हणाली, “नको वाचू. पुढल्या वर्षी बघू.” हिराबाई, तुझं वय सत्तर. तू पुढल्या वर्षी बघ. मी एक वर्ष दिवसाला दीड हजार फुगे मोजलेत, माझ्या नखात अजून ती पांढरी पावडर आहे. मला सीट पाहिजे. मी वाचणार आहे. पूर्ण एकोणसत्तर शब्द, एकही न गाळता. तुम्ही सगळ्या आत्ता माझ्याकडे जशा बघताय तशा बघत राहा. उजेडातपण बघा. मला चालेल.

आला उजेड. टेस्टिंग... माईक चालू. पंखापण. मिथुनभाऊ, थांबा, आत्ता नका लावू लाल दिवा.

शेठ, ते पाकीट आधी. आत्ता. हो, इथे स्टेजवर. अ‍ॅपवर नको हो, नोटा. तुम्ही हसताय, हसा, पण द्या. नाही नाही, आईच्या हातात नको. तिला कुणी नीट मागितलं की ती देऊन टाकते. बाबा, तुम्ही एवढ्या लगबगीने पुढे कशाला आलात? बसा. माझ्याकडे. हां. थँक्यू शेठ. मुकेशभाई, तुम्ही घाम पुसा, फ्रेममध्ये आहात. मॅडम, मी रडू का मध्ये? नको? हसतमुख. बरं.

लावा.

“नमस्कार. मी रूपी. अ‍ॅप येण्यापूर्वी आम्हा कामगार महिलांना बचतीची सवय नव्हती. पैसा आला की तो खर्च व्हायचा. मग आमच्या आयुष्यात मुकेशभाई आले. माझी आई भिकी शाळेत गेली नाही, पण दर शनिवारी तिने न चुकता बचत केली. आज तिच्या बचतीतून माझी नर्सिंगची फी भरली जातेय. आई, तुझं ध्येय पूर्ण झालं! तलासरीच्या माझ्या ताईंनो, तुम्हीही आजच नाव नोंदवा. तुमच्याकडे स्वतःचा मोबाईल नसला तरी काळजी करू नका. घरातला कुठलाही एक नंबर पुरतो.”

मुकेशभाईंना पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा. चिमणशेठ, वर्षा मॅडम आणि इतका वेळ बसून राहिलेल्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात माझ्याकडून कुणाचं वाईट झालं असेल, तर तलासरीच्या ताईंनी मला क्षमा करावी.

हे शेवटचं कागदात नाही, मॅडम. कापून टाका.