उकळत्या रंगात गार पाणी

मी मूळचा वळसंगचा. जमीन भावांकडे राहिली आणि मी सोलापुरात मामांच्या रंगाच्या कारखान्यात आलो, तेव्हा मराठी सहा इयत्ता झाल्या होत्या. सूत रंगवणाऱ्यांत एवढा शिकलेला मी एकटाच, म्हणून श्रावणात गल्लीत पोथी वाचायचं काम माझ्याकडे आलं. वाचायचो आणि अर्थही सांगायचो. काय सांगू तुम्हाला, अग्नी आणि पाणी यांवर तर मी तासभर बोलायचो, अग्नी म्हणजे तप, पाणी म्हणजे दया, तप पुरं झाल्याशिवाय दया पचत नाही, असं. बायका डोळ्यांना पदर लावायच्या. आमची ही, सखू, मागं बसून हसायची. घरी आल्यावर म्हणायची, दया लई सांगितली, आता दोन घागरी हिरीवरनं आणा की.

रंगाच्या कामात एक नेम असतो. कढईतला रंग उकळत असताना त्यात गार पाणी घालायचं नाही, सुतावर डाग बसतात आणि ते कशानंच जात नाहीत. खालची लाकडं ओढायची आणि रंग आपसूक निवू द्यायचा. मामांनी पहिल्याच आठवड्यात पाठीत सुताची ओली लडी हाणून मला हे शिकवलं होतं.

एका उन्हाळ्यात सखूला ताप आला. अंग नुसतं भट्टी. ती गार पाणी मागायची आणि मी देत नव्हतो. तापल्या अंगात गार पाणी गेलं तर आत काही बिघडेल, हे माझ्या मनानं घेतलं होतं, कढईवरनंच घेतलं होतं. माझी आई आमच्यापाशीच राहायची, ती म्हणाली, दे की रं घोटभर, मागतीया ती. मी म्हणालो, तुला यातलं काय कळतं, आणि तिलाही ते तप आणि दया समजावून सांगितलं. शिकलेल्या लेकापुढं ती काय बोलणार. मी ओल्या फडक्यानं सखूचे ओठ तेवढे पुसत होतो. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, मी काय तुमचं सूत हाय व्हय, आणि थोडी हसली. मीही हसलो. मी हसलो, हे मला अजून सोसत नाही.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले. जीभ पाहून त्यांनी विचारलं, पाणी किती पितात या. मी हातातलं ओलं फडकं दाखवलं. ते म्हणाले, अहो, मागतील तेवढं द्या. आईनं तांब्या आणला, पण तोवर सखूला गिळता येत नव्हतं, पाणी ओठांच्या कडेनं उशीवर गेलं. दुपारी ती गेली.

स्मशानात विस्तव मीच धरून चाललो आणि खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन फेरे मीच घातले. मागचा माणूस मडक्याला भोक पाडत होता, धार लागली होती, अख्खं मडकं मातीत जिरलं. तिला त्यातले चार घोट पुरले असते.

पोथी अजून वाचतो. लोक म्हणतात, अर्थ सांगा की. मी सांगत नाही.

आई आहे अजून. तिनं त्यावरून मला कधी बोल लावला नाही. परवा तिला कणकण होती, मी जवळच बसलो होतो. तिनं माझ्याकडं पाणी मागितलं नाही. भिंतीला धरून उठली, माठापर्यंत गेली आणि आपल्या हातानं घेऊन प्याली. बरं केलं तिनं.