स्पीकरला गाल

सुलेखा : एवढ्या मोठ्यानं नको ना! तिचे कान बिघडतील.

राजीव : कान सोड, तिच्याकडे बघ आधी. रांगत थेट स्पीकरकडे गेली. आता गाल टेकवला, बघ! सुलेखा, दहा महिन्यांची पोर ग्राइंडकोर ऐकतेय. यार, याच कॅसेटपायी होस्टेलच्या अख्ख्या मजल्यानं मला वाळीत टाकलं होतं.

सुलेखा : बरोबरच होतं त्यांचं. हे गाणं आहे की तुंबलेल्या मोरीतून पाणी चाललंय?

राजीव : ग्राइंडकोर असंच असतं, मेटलमधलं सगळ्यात वेगवान. एकोणीस गाणी, चोवीस मिनिटं. हे आत्ता संपलं ना, ते अकरा सेकंदांचं होतं.

सुलेखा : बँडचं नाव काय?

राजीव : कव्हरवर आहे की.

सुलेखा : हे नाव आहे? मला बाभळीचं झुडूप वाटलं.

राजीव : मलाही कधी वाचता आलं नाही. पंच्याण्णव साली ल्युब्लिनच्या माझ्या पत्रमित्रानं, मारेकनं पोस्टानं पाठवली होती. पोलंडमध्येसुद्धा पन्नास जणांनी ऐकली असेल-नसेल. आणि बदल्यात मी त्याला काय पाठवलं, माहितेय? लक्ष्मी रोडवर रेकॉर्ड केलेला ढोलताशा. त्याचं पत्र आलं, 'बँड जबरदस्त आहे, यांचा पुढचा अल्बम कधी?'

सुलेखा : राजीव.

राजीव : नऊ वर्षं खोक्यात पडून होती बिचारी. शेवटी शिकागोत येऊन तिला फॅन मिळाली, तीही घरचीच. बापावर गेलीय पोर!

सुलेखा : राजीव, एक करशील? बेस काढ.

राजीव : बेस काढून यात उरेल काय?

सुलेखा : पूर्ण काढ. आवाज तेवढाच ठेव. ट्रेबल हवं तर वाढव.

राजीव : पण कशाला?

सुलेखा : काढ ना. तिच्याकडे बघत काढ.

राजीव : घे, काढला. आता नुसत्या झांजा आणि किंचाळणं. आई गं, कानात दाभण घुसतंय.

सुलेखा : बघतोयस ना?

राजीव : थापट्या मारतेय स्पीकरला.

सुलेखा : का मारतेय?

राजीव : का म्हणजे? खेळतेय.

सुलेखा : माझे आजोबा ट्रान्झिस्टर बंद पडला की अस्सेच थापटायचे. तिला वाटतंय, बंद पडलं.

राजीव : काहीतरीच. तो माणूस एवढा बोंबलतोय!

सुलेखा : तुझ्या-माझ्यासाठी बोंबलतोय तो. बंद कर आता.

राजीव : केलं. केया! केयूऽऽ! बघ, लगेच वळली.

सुलेखा : तू दिसलास म्हणून. तिच्या मागे जा आणि मार हाक.

राजीव : केया! … केया! … अगं, गुंग आहे ती. लहान मुलं असतात अशी. मीसुद्धा अडीच वर्षांचा होईपर्यंत बोललो नव्हतो, आईला विचार.

सुलेखा : विचारलं. पण कुकरची शिट्टी झाली की भोकाड पसरायचास, हेही आईंनीच सांगितलं.

राजीव : तू आईला फोन केलास? कधी?

सुलेखा : महिना झाला. त्या दिवशी माझ्या हातून मोठं पातेलं पडलं. खालच्या बाई धावत वर आल्या विचारायला. केया तिथेच झोपलेली. पापणीसुद्धा हलली नाही. मग मी मुद्दाम पाडायला लागले. तू ऑफिसला गेलास की रोज. ताट, डाव, पोळपाट. कधी कधी वळायची. इतका आनंद व्हायचा मला! मग कळलं, लाकडी फरशीवर बसलेली असली तरच वळते. फरशी हादरते म्हणून. कार्पेटवर असली की नाही.

राजीव : महिनाभर. आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस.

सुलेखा : तू म्हणाला असतास, नेटवर वाचत बसू नकोस.

राजीव : … म्हणालो असतो.

सुलेखा : इथे बाळ घरी पाठवायच्या आधीच कान तपासतात. माझ्या इथल्या मैत्रिणीच्या, सीमाच्या मुलाचे दुसऱ्याच दिवशी तपासले. मला बाळंतपण माहेरीच हवं होतं. साताऱ्याला वजन केलं, हातापायाची बोटं मोजली, झालं. मीच हट्ट केला, राजीव.

राजीव : सातव्या महिन्यात तुला विमानात बसवायला कोण आलं होतं?

सुलेखा : तू.

राजीव : हं. मग तो हट्ट एकटीच्या नावावर नको लावूस.

सुलेखा : तिचे कान तपासायला मी ऑडिऑलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतलीय. मंगळवारची. तुला न विचारताच. आणि आज तू ही कॅसेट लावलीस, ती गाल टेकवून बसली, तू एवढा खूश झालास… क्षणभर वाटलं, मी वेडी आहे. इतकं बरं वाटलं वेडी ठरायला.

राजीव : किती वाजता?

सुलेखा : सव्वानऊ. पण तुझी स्टेटस मीटिंग—

राजीव : कॅन्सल करतो. मीच ड्राइव्ह करतो, तू मागे तिच्याजवळ बस.

सुलेखा : बरं.

राजीव : अजून थापटतेय बघ. हट्टी आहे.

सुलेखा : रडेल आता. लाव परत.

राजीव : बेस किती?

सुलेखा : सगळा.

राजीव : सरक गं चिमणे, बाबाला जागा दे थोडी.

सुलेखा : हे काय? पालथा काय पडलास? आणि कानात बोटं कशाला?

राजीव : तिच्यापर्यंत काय पोचतंय ते बघतो. गाल असा टेकवते ना?

सुलेखा : थोडा खाली. हं, तसा. डोळेही मिटलेस? … कसं लागतंय? … राजीव? … अरे, मी तुझ्याशी बोलतेय. … आता काय, खांद्याला हात लावू?

राजीव : हं? काय म्हणालीस?

सुलेखा : काही नाही. डोळे उघड. हसतेय ती तुझ्याकडे बघून.