पिवळ्या पट्टीचं पुस्तक

विक्रोळीच्या वाचनालयात पुस्तकांना वयाप्रमाणे रंगीत पट्ट्या लावलेल्या होत्या. रांगेत सुगंधाच्या पुढे एक बाई उभी होती. ती टेबलामागच्या ग्रंथपालांना म्हणाली,

“काका, हिरव्या पट्टीचं द्या.”

“हिरवी म्हणजे आठ वर्षांपर्यंत. मुलगी केवढी आहे?”

“गिरणी बंद पडली तेव्हा दुसरीत होती. मग गावाला सासूबाईंकडे ठेवली.”

“आणि आता?”

“सातवीत. गणपतीत चार दिवस दिसते, तेवढ्यातही लाजते मला.”

“मग पिवळी पट्टी घ्या. पण पुस्तक गावाला न्यायचं नाही हं.”

“न्यायचं कशाला? मीच वाचणार. मे महिन्यात ती येतेय, कायमची. बोलायला काहीतरी नको का?”

“हे बघा, साहसकथा. या वयाची पोरं खाली ठेवत नाहीत.”

“ह्यात चित्रं नाहीत?”

“सातवीतल्या मुलीला चित्रं कशाला?”

“हो ना… आणि जवळ बसून ऐकतात का हो अजून?”

काकांनी पुस्तकावर तारखेचा शिक्का मारला. मागून सुगंधाच बोलली, “माझी दहावीत आहे. तिला बोलवायचं नाही. आपण आपलं मोठ्यानं वाचत बसायचं. येते हळूच.”

“मोठ्यानं ना?”

बाई बाजूला सरकली आणि तिथेच उभ्या उभ्या पहिलं पान मोठ्यानं वाचू लागली.