किल्ली बाहेर, जावई आत

अहो, खुंटी वर ओढा, खुंटी वर ओढा काय! दाराला आतून खुंट्या असत्या तर मी इथे बसलो असतो का, मांडीवर माशाचं भांडं घेऊन? या, अलीकडे या, ही काच बोटभर उघडी आहे, इथून ऐकू येईल. नाही, आणखी खाली येत नाही, जुनी गाडी आहे, बोटभर उतरते आणि रुसते. काका, तुम्ही ती पट्टी खिशात ठेवा आधी, पट्टीनं नाही उघडायची ही! आणि मला हॉर्न वाजवायला सांगायचं नाही, वर तिसऱ्या मजल्यावर जाऊन कुणी सांगायचंही नाही, आत्ताच बजावून ठेवतो. वर माझ्या सासूबाई आहेत. किल्ली त्यांच्याकडे आहे. दार त्यांनीच लावलं, बाहेरून, मी आत असताना... आणि तरीसुद्धा तुम्हाला सांगतो, मानलं बुवा या बाईला!

आता तुम्ही म्हणाल, याला उन्हात बसून चक्कर आली वाटतं. चक्कर नाही आली. तुम्हाला आमच्या सासूबाई ठाऊक नाहीत म्हणून तुम्ही असं म्हणताय. कुलूप लावणं हा त्यांचा छंद नाही हो, श्वास आहे! घराला कुलूप लावणार, ते ओढून बघणार, दोन जिने उतरणार, थांबणार, आणि "आलेच हं" म्हणून पुन्हा वर जाऊन ओढून बघणार. एकदा तर आम्ही बसमध्ये चढलो होतो, तिकीट काढलं होतं, आणि बाई उतरून गेल्या! का? तर कुलूप ओढायला! शेजारच्यांचं ओढतात. दुकानदार दुकान बंद करून निघाला की त्याचंही ओढतात, आणि त्याला सांगतात, "लागलंय हो, जा तुम्ही निर्धास्त."

तर ही गाडी सासऱ्यांची. माझी नाही, माझी कुठली गाडी! सासऱ्यांनी उभा जन्म ही गाडी एकट्यानं चालवली, दुसऱ्या कुणाला स्टिअरिंगला बोट लावू दिलं नाही. सासूबाईंनी फार वर्षांपूर्वी एकदा विचारलं होतं म्हणे, "अहो, मी शिकू का?" तर हे पेपरातनं मान वर न करता, "तुला नाही जमायचं." संपलं! चारच शब्दांनी... नाही, तीनच, पण बसले कायमचे. मग झालं काय, सासऱ्यांचे डोळे अधू झाले. म्हणजे माणूस दिसतो, पण कोण ते कळत नाही, वळण दिसतं, पण कुठल्या बाजूला ते कळत नाही. डॉक्टर म्हणाले, गाडी बंद. गाडी बंद झाली आणि माणूसच बंद झाला हो! बसमध्ये धक्के लागतात म्हणून बस नको, टॅक्सीवाला वेडावाकडा चालवतो म्हणून टॅक्सी नको. दिवसभर खिडकीत बसायचं आणि खाली झाकून ठेवलेल्या गाडीकडे बघायचं. आणि शर्टाच्या खिशात गाडीची किल्ली! घरात, झोपताना, जेवताना, किल्ली खिशात. चालवायची नाही, पण सोडायचीही नाही.

तर एक दिवस सासूबाई मला स्वयंपाकघरात बोलावतात, दार लावून घेतात... ओढून बघतात, अर्थात... आणि हळूच म्हणतात, "जावईबापू, मला गाडी शिकवा. यांना त्या खिडकीतनं उठवायचंय." मी म्हटलं, "आई, तुमच्या मुलीला विचारूया?" तर म्हणतात, "तिच्या पोटात काही राहत नाही, तिला बोलू नका. आणि यांना तर मुळीच नाही." अहो, साठी उलटलेली बाई, आजवर सायकल चालवली नाही! मी म्हटलं, जमेल का? म्हटलं नाही, मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, हो.

मग आमचं नाटक सुरू! मी सासऱ्यांना सांगायचो, "बाबा, गाडी उभी राहून बॅटरी उतरेल, एक चक्कर मारून आणतो." ते म्हणायचे, "आणा, पण गिअर हळू टाका, तुमचा हात जड आहे." म्हणे माझा हात जड! कपाटातली दुसरी किल्ली मी न्यायचो, सासूबाई पिशवी घेऊन बाजाराला म्हणून निघायच्या, आणि कोपऱ्यावर आम्ही जागा बदलायचो. सुरुवातीला, काय सांगू, गाडी बेडकासारखी उड्या मारायची! मी डोळे मिटून घ्यायचो, तर या मलाच ओरडायच्या, "तुम्ही डोळे उघडा, नाहीतर मला शिकवणार कोण?" पण ऐका, एकदा चुकलेलं वळण बाई पुन्हा चुकली नाही. रात्री म्हणे अंथरुणात पाय हलवायच्या, क्लच, ब्रेक, क्लच, ब्रेक. सासऱ्यांना वाटायचं, पायात गोळे येतात. तेल चोळून द्यायचे! मानलं बुवा या बाईला!

...काय म्हणालात? मासा? मासा ठीक आहे हो, मजेत आहे, त्याला कुठे बाहेर जायचंय! मुद्द्यावर येतो.

लायसनच्या टेस्टचा दिवस. शिकाऊ लायसनची मुदत संपत आलेली, आज नाही तर पुन्हा पहिल्यापासून. मैदानावर गाड्यांची रांग, परीक्षक साहेब खुर्चीवर, चेहरा असा की हसले तर बिल येईल. आमची गाडी चालूच ठेवलेली, कारण ही बाई... गाडी हो, गाडी!... ही एकदा बंद केली की लगेच सुरू होत नाही. नंबर आला, साहेबांनी हाक मारली, "सही करायला या!" मी कागद घेऊन आधी उतरलो, पळालो. सासूबाई मागून उतरल्या. आणि उतरल्यावर त्यांनी काय केलं असेल? सांगा! तुम्हीच सांगा! खुंटी दाबली. दार लावलं. मग माझ्या बाजूला आल्या, मी दार नुसतं लोटलं होतं, ते उघडलं, खुंटी दाबली, पुन्हा लावलं. मग मागची दोन्ही. मग चारी बाजूंनी ओढून बघितलं. आणि समाधानानं माझ्याकडे येऊन म्हणतात, "लागलंय."

आत इंजिन चालू, किल्ली डुलतेय, आणि गाडी एकटीच घुर्रर्र!

झालं! जमले सगळे. तुम्ही जमलात तसेच, अगदी तसेच! एक म्हणतो तार घाला, दुसरा म्हणतो दोरीचा फास करा, तिसरा म्हणतो माझ्या मेव्हण्याच्या गाडीचं असंच झालं होतं. म्हटलं, मग कशी उघडली? तर म्हणतो, "नाही उघडली." अरे मग कशाला सांगतोस बाबा! साहेब घड्याळ बघून म्हणतात, "आजी, गाडीशिवाय टेस्ट होत नाही. रांग संपली की मी उठणार." मी म्हटलं, "आई, आता?" दुसरी किल्ली एकाच ठिकाणी होती. सासऱ्यांच्या खिशात!

मी म्हटलं, काहीतरी थाप मारू. मी सांगतो की मी विसरलो, मी सांगतो की बॅटरीसाठी आलो होतो... तर बाईनं माझ्या हातातनं फोन घेतला. म्हणाल्या, "थाप नको. एवढं लपवलं ते पुरे झालं." आणि लावला फोन! मी बाजूलाच उभा होतो, सगळं ऐकू येत होतं.

"अहो, ऐकताय का? गाडीची किल्ली आत राहिली आणि दार लागलं."

"जावयांनी लावलं असणार!"

"मी लावलं."

"तू? तू गाडीत काय करत होतीस?"

"चालवत होते."

...पलीकडे खुर्ची करकरली. आणि सासूबाईंचा आवाज? कुलपासारखा! "लायसनच्या मैदानावर आहे. खिशातली किल्ली घेऊन टॅक्सीनं या. चष्मा घाला. आणि निघताना घराला कुलूप लावा... ओढून बघा."

मी म्हटलं, येतात कसले! महिनोन्महिने घराबाहेर पाऊल टाकलं नाही तो माणूस, एकटा, टॅक्सीत? इकडे रांग संपत आली. शेवटची गाडी मैदानात गेली. साहेब कागद आवरायला लागले. तर या साहेबांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "साहेब, तुमच्या मागच्या खोलीचं कुलूप नुसतं अडकवलंय, लागलेलं नाही." साहेब म्हणाले, "मी स्वतः लावलंय." "ओढून बघा." ते उठले, ओढलं, हातात आलं! आत काय सामान होतं देव जाणे, पण साहेबांनी ते नीट लावलं, दोनदा ओढून बघितलं. मग खाली बसले आणि म्हणाले, "थांबतो थोडा वेळ." अहो, जिच्यामुळे अडकलो त्याच सवयीनं वेळ मिळवून दिला! मानायचं नाही तर काय करायचं?

आणि आली टॅक्सी! सासरे उतरले. चष्मा घातलेला, शर्ट उलटसुलट बटणांचा, किल्ली मुठीत. सरळ गाडीपाशी गेले, आवाजावरनं गेले, आणि किल्ली लावायला लागले. लागेना. भोक दिसेना हो त्यांना. किल्ली इकडे घासतेय, तिकडे घासतेय, सगळे बघताहेत. उभा जन्म ज्या दाराला डोळे झाकून किल्ली लावली, ते दार सापडेना. मी पुढे होणार तेवढ्यात सासूबाई गेल्या. त्यांच्या हातावर हात ठेवला, किल्ली भोकात नेली, दोघांनी मिळून फिरवली. आता मी जरा थांबतो... धूळ फार आहे या रस्त्यावर.

आणि दार उघडल्यावर सासरे पहिलं वाक्य काय बोलले असतील? सीट हातानं चाचपली आणि म्हणाले, "सीट केवढी पुढे ओढलीय! तू बोलली नसतीस तर वाटलं असतं, जावई दिसतात त्याहून ठेंगणे आहेत." सगळ्या मैदानादेखत! साहेबसुद्धा हसले, आणि बिल आलं ते मला!

मग टेस्ट. साहेब आत बसले, सासूबाईंनी गाडी काढली. मी आणि सासरे कठड्यापाशी. ते मला कोपरानं ढोसतात, "काय करतेय? सांगा, काय करतेय?" मी म्हटलं, वळली... मागे घेतेय... तर मला गप्प केलं. कान लावून ऐकत राहिले. "दुसरा टाकला," म्हणाले. "क्लच बघा कसा सोडतेय. अलगद." मग म्हणाले, "मी असा कधी सोडला नाही." आणि बाई पास! साहेबांनी सही केली आणि सासऱ्यांनी खिशातली किल्ली तिच्या हातात ठेवली. "ही पण ठेव तुझ्याकडे." बस्स, एवढंच. सासूबाईंनी किल्ली घेतली आणि पदराच्या टोकानं डोळे पुसले. मानलं बुवा, दोघांनाही मानलं!

आता खुंट्या कुठे गेल्या ते विचारा. विचारा ना! घरी जाताना सासरे म्हणाले, "चालवायला जमलं तुला. पण कुलूप लावल्याशिवाय राहायला नाही जमायचं." दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याला बोलावून चारी दारांच्या खुंट्याच काढून टाकल्या. आता ही गाडी लागते फक्त बाहेरून, किल्लीनंच, आणि एकदा लावली की उघडतेही बाहेरूनच. म्हणजे किल्ली आत राहणं शक्यच नाही! डोकं बघा माणसाचं! किल्लीचा बंदोबस्त झाला. माणसाचा कुणी विचारच केला नाही.

आज पहिला मोठा प्रवास. सासूबाई चालवणार, सासरे पुढे, चालले सासूबाईंच्या बहिणीकडे, कितीतरी दिवसांनी, नवा शर्ट घालून! आणि मावशींना भेट म्हणून हा मासा, भांड्यासकट, माझ्या मांडीवर. इथे पोहोचलो. खिडकीतनं मावशी ओरडल्या, "अगं बाई, तू चालवलीस?" दोघं असे उतरले, असे निघाले, मला म्हणाले, "तुम्ही मागनं सावकाश या, पाणी सांडू नका!" मी भांडं सावरतोय तोवर... टक्क! टक्क! ओढून बघितलं! गेल्या! माझा फोन सासऱ्यांच्या खिशात, त्यांना मेव्हणीला व्हिडिओ दाखवायचाय, बायको गाडी चालवतेय त्याचा. आता त्या वर सगळ्यांच्या मध्ये बसून पहिल्यांदा आपली गोष्ट सांगताहेत, आणि मी खालून बोंब मारू? "तुमच्या बहिणीनं जावई कोंडला" म्हणून? नाही जमायचं मला.

...थांबा, आल्या! आल्या बघा, जिन्यातनं आल्या! मी म्हटलं नव्हतं? कुलूप ओढून बघायला परत येतातच... सरका जरा, सरका! आई! आई, इकडे...

"अय्या, जावईबापू! अजून इथेच? गाडीची राखण करायला थांबलात? किती काळजी हो तुम्हाला! माझी बहीण म्हणतेय, मलाही चक्कर मारून आण, थांबा, तिला घेऊनच येते!"

...बघितलंत? ओढून बघितलं. "लागलंय" म्हणाल्या. गेल्या.

तोंड उघडलं होतं हो मी, खरंच उघडलं होतं... पण चेहरा बघितलात ना त्यांचा? त्या चेहऱ्याला काय सांगणार! मानलं बुवा या बाईला. काका, ती पट्टी राहू द्या... माशासाठी चिमूटभर चुरा मिळतो का बघा कुठे, मावशींना तयार व्हायला वेळ लागतो.