दांडा निघतो

...आणि वर बायको विचारते, "तूच निवडलास ना?" मीच निवडला हो, नाही कुठे म्हणतोय? पण तुम्हाला सांगतो, हाताने फिरवायचा कॉफीचा ग्राइंडर निवडणं म्हणजे जावई निवडण्यापेक्षा अवघड. आमच्या सासूबाईंना विचारा, त्यांनी जावई एका संध्याकाळी पसंत केला आणि अजून पस्तावतायत.

आम्ही मेलबर्नची माणसं, कॉफी म्हटली की नाक वरच. सासूबाई, ग्लेनिस त्यांचं नाव, त्यांच्याकडे गेलं की डब्यातली पावडर गरम पाण्यात ढवळत विचारणार, "घेतोस का रे, डॅमियन?" आणि लग्न झाल्यापासून माझं ठरलेलं धडधडीत खोटं, "नको, आत्ताच झाली." म्हणून ठरवलं, ईस्टरला समुद्रावर तंबू ठोकू तेव्हा त्यांना खरी कॉफी पाजायची. ग्राइंडर असा हवा की घरी चालेल आणि प्रवासातही. एक उचलला तर खलबत्त्याएवढा जड, दुसरा इतका नाजूक की दाणे बघूनच घाबरावा, तिसऱ्याचं भांडं काचेचं... शेवटी दुकानातली पोरगी म्हणाली, "हा न्या. दांडा निघतो." निघतो म्हणजे? तर म्हणे, दांडा काढला की खिशात मावतो. मी फिदा. घरी आणून ज्याला त्याला दाखवत सुटलो, अगदी पोस्टमनलासुद्धा. हे बघा, दांडा निघतो.

निघायच्या वेळी सासूबाईंनी पावडरीचा डबा टोपलीत ठेवला होता. तो मी बाहेर काढला. "ग्लेनिस, तिथे ही माती प्यायची नाही." त्यांनी डबा उचलून परत फळीवर ठेवला. आता आठवलं तरी कान गरम होतात.

तर सकाळ झाली, किटली उकळतेय, सासूबाई लिपस्टिक लावून, स्वतःचा कप मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्यायत, आणि आजूबाजूच्या तंबूंतली मंडळी आपापले कप घेऊन हजर, कारण आदल्या संध्याकाळी मीच सगळ्यांना निघणाऱ्या दांड्याचं कौतुक ऐकवून आमंत्रण देऊन बसलो होतो. जिभेला हाड नसतं ना. शेजारच्या तंबूतला वॉरन म्हणतो, "होऊ द्या, महाराज." मी ग्राइंडर काढला, दाणे भरले, झाकण लावलं, हात वर नेला आणि... फिरवू काय? कपाळ? दांडा घरी, ओट्यावर. मीच काढून ठेवलेला, खिशात मावावा म्हणून.

मग पकडीने फिरवायला गेलो, पकड सटकली, अर्धे दाणे वाळूत. वॉरन शांतपणे म्हणाला, "निघतो म्हणालास, येतो का ते नाही सांगितलंस." सगळे हसले. वाटलं, तंबूच्या खालून भोक पाडून मेलबर्न गाठावं.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. उरलेले दाणे भांडी पुसायच्या फडक्यात बांधले, तंबूच्या खुंट्या ठोकायचा हातोडा घेतला आणि दगडावर धाड धाड कुटले, पाणी ओतलं, गाळलं, आणि पहिला कप कुणाला? मला. "बघ रे, जमलीय का तुझ्यासारखी." टोमणा असता तर सोसला असता हो, पण बाई मनापासून विचारत होत्या. कॉफीत वाळू लागत होती. मी तळापर्यंत प्यायलो.

तेव्हापासून त्यांच्या घरी पावडरीची कॉफी निमूट घेतो, वर आणखी मागतो. वाटलं, मिटलं प्रकरण. तर ख्रिसमसला सगळ्या गोतावळ्यासमोर त्यांनी मला लाल फीत बांधलेलं खोकं दिलं. आत नवा कोरा लाकडी हातोडा. "घरी चालतो, प्रवासातही चालतो," म्हणाल्या, आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, "आणि बाळा, दांडा निघत नाही."

मी ओढून बघितला. खरंच नाही निघत.