चाकाचे बावीस फेरे

आजच्या समारंभाच्या अध्यक्षपदी असलेले, आणि त्या पदावरून गेला अर्धा तास घड्याळाकडे पाहत असलेले आदरणीय अभियंता साहेब. व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे. आजचे सत्कारमूर्ती, आज निवृत्त होणारे आपल्या मीटर विभागाचे प्रमुख, ज्यांना त्यांच्या खऱ्या नावाने फक्त पगारपत्रक ओळखतं असे आपले अ‍ॅव्हरेजदादा. समोर बसलेल्या वहिनी आणि त्यांची लेक. या जलकुंभ कार्यालयातले माझे सहकारी बंधू-भगिनी. आणि शेवटच्या रांगेत, दाराजवळ, काठी गुडघ्यांत धरून बसलेले आपले वायरमन. आपणा सर्वांना या स्टोअरकीपरचा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. साहेब, मी जरा जास्त घेणार आहे, आधीच सांगून ठेवतो. कारण आपण आत्ताच जाहीर केलंत की कार्यक्रम संपला की दादांची मोटरसायकल त्यांच्या लेकीच्या स्वाधीन होईल, आपण फाटकात उभे राहून झेंडा दाखवाल, आणि लेक ती गाडी घेऊन एकटी टेकडी उतरेल. दादा मात्र आपल्याबरोबर सजवलेल्या मोटारीतून. टाळ्या झाल्या. किल्ली लेकीच्या हातात गेली. टाळ्या मीही वाजवल्या. हाताला सवय असते, डोक्याला विचारत नाही. पण तो झेंडा हलायच्या आत मला बोलू द्या.

नव्याने रुजू झालेल्यांसाठी थोडं मागचं. पाणी खाली जायचं तर टाकी वर हवी, आणि टाकी वर म्हणून आपण वर. रस्ता एक, वळणं तीन. तिसऱ्या वळणाला कमरेएवढा कठडा आहे. कठड्यापलीकडे काय आहे, ते आपल्यापैकी कोणी वाकून पाहिलेलं नाही. अशा ठिकाणी माणूस पेट्रोलचा विचार करणार नाही तर काय करणार? चढताना गाडी पिते, उतरताना आपण वसूल करतो.

आणि वसुलीत दादांचा हात धरणारा कोणी झाला नाही. दोन माणसं भेटली की एकमेकांची तब्येत विचारतात. दादा विचारायचे, ‘‘काय देते?’’ म्हणजे गाडी एका लिटरला किती पळते. मी लग्नानंतर बायकोला घेऊन पहिल्यांदा यांच्या घरी गेलो, तेव्हा वहिनी चहा टाकत होत्या आणि हे माझ्या बायकोला विचारत होते, ‘‘वहिनी, मागे बसताना सरळ बसता की कडेला? कडेला बसलं की तोल राखायला हा जास्त रेस देतो.’’ बायको आजही म्हणते, त्या घरी मला वजन विचारलं नाही एवढंच नशीब. लेकीला स्थळ पाहायला गेले तेव्हा मुलाच्या बापाने शिक्षण सांगितलं, नोकरी सांगितली. दादा अंगणात जाऊन मुलाच्या गाडीची चेन बोटाने उचलून पाहून आले. म्हणाले, ‘‘स्थळ नको. चेन कोरडी आहे. जो चेनला तेल देत नाही तो...’’ पुढचं वाक्य वहिनींनी पूर्ण होऊ दिलं नाही. वहिनी, आपण हसताय, म्हणजे खरं आहे.

थट्टा राहू द्या. या माणसाने आम्हाला शहाणं केलं, हे नाकारील तो कृतघ्न. टायरमध्ये हवा सकाळी भरायची, गाडी तापायच्या आत. एअर फिल्टर झटकायचा. क्लचवर बोटं ठेवून गाडी चालवायची नाही, ते म्हणजे लोकांच्या गप्पा ऐकत भाजी चिरणं, भाजीही जाते आणि बोटही. सिग्नलवर गाडी बंद. समोर लाल दिवा दिसत असताना त्याच्याकडे धावत जायचं नाही. ‘‘तो काय तुझा मामा आहे?’’ असं दादा विचारायचे. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. आणि म्हणूनच, साहेब, पुढची वाक्यं आम्ही तपासून पाहिली नाहीत.

पुढचं वाक्य होतं, उताराला पेट्रोल घालायचं नसतं. फाटकातून बाहेर पडलं की इंजिन बंद, गाडी न्यूट्रल, आणि थेट खाली. संध्याकाळी साडेपाचला या टेकडीवरून वीस-पंचवीस गाड्या उतरायच्या, आणि आवाज काही नाही. फक्त वारा आणि टायरांची सळसळ. खालचा चहावाला म्हणायचा, ‘‘तुमचं ऑफिस सुटलं की मला भीती वाटते हो. माणसं येतात ती भुतासारखी.’’ आम्ही हसायचो.

आणि त्याच्याही पुढचं वाक्य होतं चाकाचं. बाहेरच्या पाहुण्यांना हे ठाऊक नसेल. आपल्याकडे दर शनिवारी, जेवणाच्या सुट्टीत, आवारात गाड्या मेनस्टँडवर लावतात, मागचं चाक हाताने एक झटका देऊन सोडतात, आणि सगळे मिळून फेरे मोजतात. दुसऱ्या कार्यालयात लोक पत्ते खेळत असतील. आम्ही चाक मोजतो. चाक जितकं सुटं, तितकं अ‍ॅव्हरेज. कारखान्यातून आलेली गाडी पाच-सहा फेरे देते. दादांची द्यायची एकोणीस. ती जादू नव्हे. ब्रेकचा नट आहे, तो ढिला करायचा, पुढच्या चाकाचाही. आतले लायनर ड्रमला जरासे घासत असतात, ते घासणं म्हणजे दादांच्या भाषेत ‘चोरी’. ‘‘तुझा ब्रेक तुझं पेट्रोल खातोय,’’ दादा सांगायचे, आणि स्वतः पाना घेऊन बसायचे. एक आटा. अजून एक आटा. चाक फिरायला लागायचं आणि आम्ही लहान मुलांसारखे ओरडायचो. बारा! तेरा! चौदा!

पाना कोणाचा होता? स्टोअरचा. कोणी दिला? मी दिला. वर विचारायचो, ‘‘दादा, माझंही बघता का?’’

इथे साहेब पुन्हा घड्याळ पाहत आहेत. साहेब, दोन मिनिटं. चहा थंड होईल एवढंच.

दोन महिन्यांपूर्वीच्या शनिवारी वायरमनच्या चाकाने बावीस फेरे दिले. दादांचा विक्रम मोडला. दादांनी त्याला मिठी मारली. मनाचा मोठा माणूस, यात शंका नाही. आम्ही त्याला खांद्यावर घेतला. त्याच संध्याकाळी तो तिसऱ्या वळणावर कठड्याला जाऊन भिडला.

आपण सर्वांनी अहवाल वाचला आहे. ‘रस्त्यावर पडलेल्या वाळूमुळे वाहन घसरले.’ अक्षर सुबक आहे, ते माझं आहे. मला सांगण्यात आलं आणि मी लिहिलं. आता मंडळी, वाळू या कार्यालयात माझ्या ताब्यात असते. त्या महिन्यात स्टोअरमध्ये वाळू नव्हती. रस्त्यावरही नव्हती. मी दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहिलं. रस्ता धुतल्यासारखा स्वच्छ होता, आणि, जे जास्त वाईट होतं, त्यावर ब्रेक लागल्याची एकही काळी रेघ नव्हती.

दवाखान्यात वायरमनला भेटलो. पाय वर टांगलेला. मी विचारलं, ‘‘ब्रेक नाही दाबलास का रे?’’

म्हणाला, ‘‘भाऊ, दाबला ना. पाय खाली गेला. आणखी खाली गेला. खाली काही नव्हतंच.’’

मग तोच म्हणाला, ‘‘दादांना सांगू नका हं. त्यांना वाईट वाटेल.’’

मी नाही सांगितलं. दादांना वाईट वाटू नये म्हणून या कार्यालयात केवढी यंत्रणा राबली बघा! एक अहवाल, चार सह्या, आणि एका माणसाचा पाय.

(मागून कोणीतरी ‘‘आजच्या दिवशी कशाला?’’ म्हणालं. बरोबर आहे. आजच्या दिवशी कशाला? उद्या चालेल. उद्या लेक खाली पोचलेली असेल, किंवा नसेल.)

दादा, मी आता तुमच्याकडे वळून बोलतो. व्यासपीठाकडे पाठ करणं वाईट, आणि सभागृहाकडे पाठ करणंही वाईट, तेव्हा थोडा तिरका उभा राहतो. या दोन महिन्यांत मी तुम्हाला रोज पाहतो. माझ्या स्टोअरची खिडकी रस्त्यावर आहे. सकाळी तुम्ही गाडीवर बसून चढता. संध्याकाळी उतरताना मात्र बसत नाही. फाटकाबाहेर गेलात की गाडी पहिल्या गियरमध्ये टाकता, इंजिन बंद, क्लच अर्धा दाबून, हँडल धरून, पायी उतरता. तिन्ही वळणं. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणालात, ‘‘डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.’’ मी म्हटलं, चांगलं आहे. मग एकदा जोराचा पाऊस होता. तरीही पायीच. डॉक्टर कडक दिसतात.

मी मेकॅनिक नाही. तरी काल तुमची गाडी आवारात उभी होती, तेव्हा हाताने ब्रेकचं पायडल दाबून पाहिलं. गेलं ते गेलंच. तुम्ही रोज बरोबर घेऊन चालता ती गाडी आहे ही. ज्या गाडीवर बसून उतरत नाही, ती.

आणि आज साहेबांनी झेंड्याची कल्पना काढली, हॉल टाळ्यांनी दणाणला, आणि तुम्ही होकाराची मान हलवलीत. मला तुमची अडचण कळते. इतके लोक, इतकी वर्षं, भिंतीवर बक्षिसांच्या तसबिरी. त्या क्षणी उठून ‘थांबा, आधी ब्रेक आवळतो’ म्हणणं म्हणजे आख्ख्या आयुष्याचं अ‍ॅव्हरेज पाडून घेणं. माझ्याच्याने अहवाल लिहिताना झालं नाही, तुम्हाला मी कोणत्या तोंडाने दोष देऊ?

म्हणून एवढंच मागतो. मिरवणूक व्हावी, झेंडाही हलावा. फक्त लेकीच्या आधी, दादा, तुम्ही एकदा गाडीवर बसून खाली जाऊन या. इंजिन चालू ठेवा हवं तर. पेट्रोल माझं.

...

मंडळी, जरा शांत राहा. त्यांना उठायला वेळ द्या.

...

दादा?

बरं. नका उठू. पुष्पगुच्छ इतका घट्ट धरू नका, देठ मोडतात.

बाळ, तू का उभी राहिलीस? तुला माईक नाही, मोठ्याने बोल, मागे ऐकू जाऊ दे... ‘‘काका, परवाच बाबांनी मला शिकवलं, मागचा ब्रेक फार दाबायचा नाही, नुसता पाय ठेवायचा.’’ हो. आम्हालाही तेच शिकवलं. नाही नाही, टाळ्या वाजवू नका. कृपा करून आता टाळ्या नकोत... ‘‘बाबा, तुम्ही पायी का उतरता?’’

हा प्रश्न मला नाही, बाळ. किल्ली मात्र तुझ्याजवळच राहू दे, बाबांनी हात पुढे केला तरी. वहिनी, तिला बसवू नका. तिला उभी राहू द्या.

साहेब, पाचाची मी किती केली ते आता पाहत नाही. आपण वेळ दिलीत, ऋणी आहे. आयोजकांचा आभारी आहे, त्यांनी माझं नाव यादीत चुकून नव्हे तर समजून घातलं असं मी धरून चालतो. बाहेर चोवीस गाड्या उताराकडे तोंड करून उभ्या आहेत, त्यांतली एक माझी. स्टोअरचे पाने मी आज सगळे काढून आवारात ठेवले आहेत, ज्याने त्याने आपला ब्रेक आवळावा, नोंद करायची गरज नाही. शुभप्रसंगी अशुभ बोललो, मोठ्या माणसाला लहान माणसाने प्रश्न विचारला, वाळू नसताना वाळू लिहिली. यातलं ज्याला जे क्षमा करावंसं वाटेल त्याने ते करावं. शेवटचं मात्र करू नये. ते मी वायरमनकडे मागेन.

कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे यापुढे सत्कारमूर्तींचं मनोगत आहे. लेक उभीच आहे. दादा, हा माईक.